हायवेच्या कडेची पायवाट

प्रोफेसर माझी पानं वर्गात मोठ्यानं वाचत होते. मध्येच थांबले. चष्म्यावरून बघत म्हणाले, "धिस इज अ कम्यूट. नॉट अ वॉक."

म्हणजे ही नुसती रोजची ये-जा, भटकंती नव्हे. वर्ग हसला. मीही हसले. त्याची लाज अजून वाटते.

कोर्स इंग्रजीतल्या रोमँटिक कवींचा. ते मैलोन्‌मैल पायी भटकायचे, डोंगर-तळी बघून लिहायचे. म्हणून आम्हालाही सांगितलं होतं: फोन बंद करून तासभर एकटं चाला, मग लिहा.

मी रोजचा रस्ता लिहिला. आई आणि मी इथं परदेशात, पिस्कॅटवे गावात राहतो, गाडी नाही. बस स्टॉपपर्यंत हायवेच्या कडेनं चालते. फुटपाथ नाही, गवताचा पट्टा आहे. ट्रक गेला की अख्खं गवत आडवं होतं. त्यात पायांनी पडलेली एक वाट आहे. अर्धी तरी आईच्या पायांनी पडली असेल.

शेजारच्या बाकावरचा आदित्य मराठीत कुजबुजला, "यार, सांगायचंस ना! मावशी आमच्याकडे पोळ्यांना येतात, डॅड राइड देतील दोघींना."

चांगल्या मनानंच बोलला असेल. पण आई त्यांच्याच घरी पोळ्या करून चालत परत येते, हे त्याला कधी दिसलं नव्हतं.

"सोमवारपर्यंत पुन्हा लिही," प्रोफेसर म्हणाले. "फाइंड सम नेचर."

मी सॉरी म्हणाले. कशाबद्दल, कोण जाणे. या कोर्सात बी ग्रेड मिळाली नाही तर स्कॉलरशिप जाते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

रविवारी एक तळं लिहिलं. धुकं, शांतता, भरून आलेलं मन. छान जमलं होतं. आई म्हणाली, मराठीत सांग. मनगटाला बाम चोळत तिनं सगळं ऐकलं.

"कुठंय गं हे तळं?"

"नाहीये."

"मग तू तिथं काय करत होतीस?"

मी ते पान डिलीट केलं.

सोमवारी जुनीच पानं दिली. मी म्हणाले, "या कवींनी साधी माणसं कवितेत आणली, असं तुम्हीच शिकवलंत. ती माणसं अशीच चालतात, प्रोफेसर. कामाला."

"मग आहे त्यावरच ग्रेड द्यावी लागेल."

"द्या."

ग्रेड अजून आलेली नाही. सी आली तरी तळं लिहिणार नाही. सध्या आईचं चालणं लिहितेय. आदित्यच्या दारापासून आमच्या दारापर्यंत. एकही पाऊल गाळणार नाही.