उमसुनाय आपाचं फाडायचं कापड

मयताहून घरी आल्यावर तुम्ही आधी काय करता, हात धुता की तिथे मिळालेली पिशवी उघडता? खरं बोला. मला फसवू नका, तोकमोक गावातलं एकही मयत मी चुकवत नाही. फाटकाबाहेर पडायच्या आत तुमचं बोट पिशवीत गेलेलं असतं. आतला डोक्याचा रुमाल रेशमी आहे की नुसताच चकचकीत, कोपऱ्यात परदेशी कंपनीचा ठप्पा आहे का, आणि असला तर शेजारणीच्या रुमालापेक्षा मोठा आहे की लहान, हे कळल्याशिवाय तुमचं दुःख घशाखाली उतरत नाही.

पूर्वी जिर्तिश म्हणजे साधा कापडाचा तुकडा. घरातलं माणूस गेलं की आलेल्या बायकांना चीट नाहीतर साटीन हाताने फाडून वाटायचं. गेलेलं माणूस भरल्या वयाचं असेल तर त्या तुकड्याला फार मान. पोराच्या सदऱ्याला तो आतून शिवायचा, म्हणजे पोरालाही तेवढं आयुष्य मिळतं. मग टीव्हीवरच्या एका गायिकेची सासू वारली. गायिकेने प्रत्येक बाईला काळ्या डब्यात, सोनेरी फीत बांधून, पॅरिसची अक्षरं छापलेला रुमाल दिला. त्याचा व्हिडिओ अख्ख्या देशाने बघितला. झालं! पुढची थंडी यायच्या आत आमच्या गावात मरणाचीही फॅशन आली.

त्या फॅशनच्या पुढ्यात एकच बाई उभी राहिली, ती म्हणजे उमसुनाय आपा, पोटच्या पोरापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांची आपा. आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. जन्मभर बालवाडीत स्वयंपाक केला. नवरा ट्रॅक्टर चालवायचा, तो लवकर गेला. मुलगा एकच, एर्मेक. ऐंशीला टेकलेली, ठेंगणी बाई, पण बाजारात शिरली की दुकानदार देवाचं नाव घ्यायचे. कपड्यांचा सोस होता तिला, लपवायचं कशाला? शेजारी चहाला जायचं तरी मखमली जाकीट चढवायची. पण कुणाचं बघून तिने कधी काही घेतलं नाही. नातीने एकदा छातीवर मोठाली अक्षरं असलेला स्वेटर आणला, तर हिने तो हातभर लांब धरला.

"हा कोण गं?"

"कंपनीचं नाव आहे, आजी."

"छातीवर नाव मिरवायचं तर माझ्या नवऱ्याचं मिरवेन. याने मला कधी लाकडं फोडून दिलीत?"

त्यानंतरच्या वसंतात ती माझ्या दाराशी आली. काखेत दोन रिकाम्या पिशव्या.

"सोनुन, चल. माझ्या मरणाचा बाजार करायचाय."

"कुणावर रागावलात, आपा?"

"रागवायला काय झालं? सुनेवर सोडलं तर ती डबे आणेल. चल, बूट घाल."

आम्ही दोर्दोयच्या बाजारात गेलो. एकावर एक चढवलेले लोखंडी कंटेनर, खालच्यात दुकान, वरच्यात माल. रुमालांच्या ओळीत प्रत्येक दारावर तीच गायिका, तेच हसू, तोच रुमाल. दुकानदारीण पुढे सरसावली.

"या आपा! हा बघा, तिने सासूच्या मयताला वाटला तोच."

"तोच? मग तिच्याकडे एक कमी नाही का पडला?"

"म्हणजे तसाच हो. नक्कल आहे, पण अव्वल नक्कल."

"मी मरणार ते अस्सल मरणार आहे, बाई. नक्कल नको दाखवूस."

"कुणासाठी हवंय?"

"माझ्या मयतासाठी."

दुकानदारणीने झटकन हात जोडल्यासारखे केले. "देव शंभर वर्षं देवो तुम्हाला."

"देव काय द्यायचं ते देईल. तू चीट दाखव."

मग तासभर ती निवडत बसली. मुलींसाठी निळ्यावर बारीक पांढरी फुलं. मुलांसाठी पट्ट्यापट्ट्यांचं. म्हाताऱ्यांच्या मानासाठी लाल साटीन. दुकानदारीण कंटाळून म्हणाली, "आपा, रुमाल दिलात तर लोक नाव काढतील." आपा तिच्याकडे न बघताच म्हणाली, "या कापडाचा पोराला सदरा होतो. डब्यातल्या रुमालाचं काय होतं? तो दुसऱ्या मयताला जातो."

परतीच्या गाडीत तिने पिशव्या मांडीवर घेतल्या. मग आपणहूनच बोलली. "माझी आजी गेली तेव्हा लढाईनंतरची टंचाई होती. घरात कापडच नव्हतं. वडिलांनी खिडकीचा पडदा काढून दिला. बायकांनी तो फाडला, एकेकीला बोटभर पट्टी आली. कुणी हसलं नाही, सोनुन. मुठीत धरून नेली. माझ्या कोटाच्या गळपट्टीत होती ती पट्टी, कोट विरला तोवर. मला एवढंच हवंय. माझ्या हाताने निवडलेलं, सगळ्यांच्या समोर फाडलेलं. बाकी मयताच्या जेवणाला घोडा कापा, नाहीतर मेंढी कापा, मी बघायला येत नाही."

घरी चहाला बसलो आणि तिने पिशव्या सुनेसमोर ठेवल्या. सून बेगिमाय, शाळेत कारकून आहे, हाताने चपळ, जिभेने मवाळ. तिने कापडाला बोट लावलं आणि काढून घेतलं.

"आपा, सुरेख आहे. पण लोक हसतील."

"कोणते लोक?"

"लोक म्हणजे... लोक."

"मशिदीतला मोल्दो म्हणतो जिर्तिश देऊच नका, तू म्हणतेस डबा द्या, मी म्हणते फाडून द्या. मरणार कोण आहे?" मग ती मुलाकडे वळली. "एर्मेक, सोनुनसमोर सांग. हेच कापड फाडशील ना?"

एर्मेकने पाव चहात बुडवला. "बरं, आपा."

मला तेव्हाच राग आला. तो हो म्हणाला नव्हता, नुसतं बरं म्हणाला होता. पण आपाच्या तोंडावरचा घोर उतरला. तिने कापड घडी करून पेटीत ठेवलं, कसर लागू नये म्हणून वर सुका ओवा पसरला आणि मला आणखी एक पेला ओतला.

नोव्हेंबरात ती गेली. झोपेत, भरल्या वयाची, कुणाला तोशीस न देता. असं मरण आलं की बायका त्या घरचा तुकडा मागून घेतात.

मी पोहोचले तेव्हा अंगणात मयताचा युर्त, नमद्याचा गोल तंबू, उभा राहिला होता. आत बायका भिंतीकडे तोंड करून हेल काढत होत्या. बाहेर एर्मेक मुलाच्या रीतीप्रमाणे कंबर बांधून, काठीवर वाकून, येणाऱ्या प्रत्येक माणसाला बघून टाहो फोडत होता. आणि पडवीत ओळीने काळे डबे रचलेले होते. सोनेरी फिती बांधलेले.

मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. काठी धरलेल्या माणसाला कुणी असं अडवत नाही, मला माहीत आहे.

"एर्मेक, आपाचं कापड कुठे आहे?"

"सोनुन एजे, आत्ता नको."

"मग केव्हा? माती लोटल्यावर?"

"पेटीत आहे."

"पेटी उघड."

"सासरची माणसं आलीत. साहेब आलेत माझे. त्यांच्यापुढे चीट फाडू?"

"तू तिला शब्द दिला होतास."

त्याने तेव्हा कुठे मान वर केली. डोळे खरेच रडून सुजले होते. "आईला तोंडावर नाही कोण म्हणतं, एजे?"

एवढ्यात त्याच्या चुलत्याने माझा दंड धरला. "सोनुन, मढं दारात आहे. तुला भांडायला रोज जिती माणसं मिळतात, आज ती पुरली नाहीत का?"

दोघे-तिघे हसले. मयतात हसले! मी दंड सोडवून घेतला आणि पडवीतल्या पेटीकडे निघाले, तर पेटीवर डबे रचलेले. ते खाली फेकायला माझा हात गेला होता. पण युर्तात आपा पडली होती आणि तिच्यासाठी बायका तिच्या आयुष्याचं गाणं रचून म्हणत होत्या. मी हात मागे घेतला.

पुरुष मातीला गेले आणि इकडे डबे वाटले. फिती सुटल्या. हेल थांबले.

"मला काळा आला गं. काळ्याचं काय करू? तिला गुलाबी आलाय."

"बदलून देतील का?"

"विचार की सुनेला."

"अगं, ती रडतेय."

"रडायची थांबली की विचार."

मी माझा डबा उंबऱ्यावर ठेवून आले. तो मी ठेवताक्षणीच कुणीतरी उचलला. आणि पुढच्याच आठवड्यात स्टेशनजवळच्या एका मयतात तेच डबे, तीच फीत, एकाला तर आपाच्या अंगणातला चिखल तसाच लागलेला. आपा म्हणाली होती तेच झालं. रुमाल कुणाच्या डोक्यावर नाही बसला, नुसता एका मढ्याकडून दुसऱ्याकडे गेला.

चाळिसावा दिवस झाल्यावर बेगिमायने मला बोलावलं. पेटी दारातच काढून ठेवली होती.

"घेऊन जा, एजे. ती दिसली की घास उतरत नाही मला."

"दिसते तेव्हा लाज वाटते म्हण."

मी जोरातच बोलले. वाटलं, ही आता रडेल. ती रडली नाही.

"माझी आई गेली तेव्हा आम्ही माहेरी चीटच फाडली होती," ती म्हणाली. "आठवतंय? आपल्याच गल्लीतल्या दोघी. माझ्या आईच्या तुकड्याने बुटांचा चिखल पुसला आणि गाडीत बसल्या. तुकडा तिथेच टाकला. मी दारात उभी होते. तेव्हाच ठरवलं, माझ्या घरचं कापड पुन्हा कुणाच्या बुटाला लागू देणार नाही. तुम्ही एर्मेकशी भांडलात. त्या दोघींशी का नाही भांडलात?"

मी पेटीची कडी धरली. ओढतच घरी आणली आणि ओट्यावर ठेवली.

त्या दोघी कोण, मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे, हे वाचताना त्यांचे कान तापले असतील. पण बूट दोघींनीच पुसले, बघत आपण सगळ्या होतो. गायिकेला शिव्या देणं सोपं आहे. ती तिच्या राजधानीत बसलीय, तिला आपलं नावही ठाऊक नाही. आपल्या दारात चिखल पुसायला ती नव्हती आली.

पेटी माझ्या ओट्यावर आहे. निळी फुलं, पट्टे, लाल साटीन, एक इंचही फाडलेलं नाही. ऐंशी वर्षं धडधाकट जगलेल्या बाईचं कापड आहे ते, आणि ते घ्यायला अजून कुणीही आलेलं नाही. शुक्रवारी मी दिवसभर घरी असते. डबा आणू नका, रुमाल बांधून या किंवा उघड्या डोक्याने या, बूट मात्र बाहेर काढा. पोरांना बरोबर आणा. एक टोक मी धरते, दुसरं तुम्ही धरा आणि ओढा.