मी मोकळं सांगितलेलं वावर

२०११ साल. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा. त्या साली वैशाखात, एका लिंबाखाली उभा राहून मी दोन शब्द बोललो, आणि ते दोन शब्द पुढं चौदा वर्षं कोणाजवळ काढले नाहीत. बायकोजवळ नाही — आता तर तीही राहिली नाही. पोराजवळ नाही. तुले सांगतो. मधे अडलो तर अडू दे, पण उठून जाऊ नको.

आधी वावर सांगतो. — पाह्य, इथूनच माझी टाळाटाळ सुरू. पण वावर कळल्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

आमचं शहर वर्धा जिल्ह्यातलं, तालुक्याचं. शहराच्या कडेले, नाल्याच्या अलीकडे माझी तीन एकराची भाजीची वाडी. वांगी, पालक, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. माझ्या धुऱ्याले, म्हणजे बांधाले, लागून गिरजावहिनीचं वावर, तेवढंच. वहिनी म्हणजे माझ्या दोस्ताची बायको. दोस्त साप चावून गेला तेव्हा त्यांची पोरगी वैशाली सहा वर्षांची होती. अल्लीपूरहून तिचे भाऊ न्यायले आले, वहिनी गेली नाही. वावर करत राहिली. कोणतं बियाणं, पाणी कधी, फवारा कोणता — सगळं मले विचारून. मले ते आवडायचं. खोटं काऊन बोलू? लय आवडायचं. चौथी शिकलेल्या माणसाले कोणी विचारून काम करते, हे काय थोडं झालं?

त्या साली तिची जमीन थकली होती. मीच म्हटलं, "वहिनी, यंदा उन्हाळी भाजी लावूच नका. मेंढ्या बसवा."

आमच्याकडे ही पद्धत आहे. उन्हाळ्यात मेंढ्यावाले हिंगणीच्या जंगलाकडून खाली उतरतात. त्यांचा कळप पंधरा-वीस दिवस आपल्या वावरात मुक्कामाले ठेवून घ्यायचा, बदल्यात त्यांना ज्वारी द्यायची. लेंड्या मातीत मुरल्या का दोन वर्षं खताकडे पाहायचं काम नाही. ज्याले माहीत आहे त्याच्यासाठी ते विसाव्याले बसलेलं वावर. ज्याले माहीत नाही त्याच्यासाठी — तुडवलेली, उघडी जमीन आणि वर मेंढ्या.

आणि नेमकी त्याच वीस दिवसांत शहराच्या विकास आराखड्याची पाहणी आली.

दहा-वीस वर्षं झाली का शहराचा नकाशा नव्यानं करतात. कुठं घरं, कुठं दवाखाना, कुठून रस्ता. त्याच्या आधी माणसं येतात आणि आज कोणत्या जमिनीवर काय आहे ते लिहून नेतात. एक तरणा साहेब आला, काखेत नकाशाची गुंडाळी. त्याले इकडचं सगळं माहीत असलेला माणूस पाहिजे होता. लोकांनी माझं नाव सांगितलं. मी धुतलेला सदरा घालून गेलो. दोन दिवस मी पुढं, साहेब मागं. मी म्हणीन ते तो लिहायचा. पानठेल्यावरून नामदेव ओरडला, "काय बे, मंत्री झाला का? लाल दिवा घरी इसरला वाटते!" मी वळून पाहिलं नाही. नकाशातलं मले काही उमजत नव्हतं — उलटा धरला असता तरी चाललं असतं — पण मी मान डोलावत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिंबाखाली पाणी पिता पिता साहेब सहज बोलला. "काका, या भागात पोरांना खेळायला मैदान नाही. या पट्ट्यात तीनेक एकर लागेल. मोकळी जागा मिळाली तर बरं, नाहीतर पिकाखालची धरावी लागेल." पट्ट्यात वावरं दोनच. माझं हिरवंगार. आणि तिचं. साहेबानं तिकडं बोट केलं. "हे काय आहे? इथे शेती होते का?"

तोंडात पाण्याचा घोट होता. तो गिळेपर्यंत मले वेळ होता.

मी विचार केला नाही, असं म्हणणं सोपं आहे. मी केला. त्या एका घोटात पूर्ण केला. दोस्त आठवला, वहिनी आठवली, सहा वर्षांची वैशाली आठवली, माझी वांगी आठवली. आणि मग म्हटलं —

"मोकळंच हाये."

त्यानं लिहिलं. कागदाच्या तळाले माझी सही घेतली. सही करता येते याचा मले केवढा गर्व! अंगठेवाल्यांत माझी सही वळणदार.

पुढं नकाशा नगरपरिषदेत लागला. वहिनीच्या वावरावर हिरवा रंग — खेळाचं मैदान. आरक्षण पडलं का शेती करायले कोणी अडवत नाही, पण बांधता काही येत नाही. आणि तिले त्या वावरात दोन खोल्या बांधायच्या होत्या. भाड्याच्या खोलीतून निघून आपल्या पिकाजवळ राहायचं, एवढाच तिचा हेका होता. ती माझ्याकडे आली. "भाऊजी, तुमच्या बोलण्याले वजन हाये. हरकत घेतली हाये म्या, तुम्ही फक्त संग चला. एवढंच सांगा का मी हे वावर वाहून-पिकवून राह्यली म्हून."

मी गेलो. न गेलो असतो तर बरं होतं का? ते मले अजून ठरवता आलं नाही.

सुनावणीत टेबलापलीकडे चार जण बसले होते. एकानं फाईल उघडली. "पाहणीच्या वेळी इथल्याच एका शेतकऱ्यानं ही जागा मोकळी सांगितली आहे. सही आहे त्याची." नाव त्यानं वाचलं नाही. माझी वळणदार सही माझ्यापासून दोन हातांवर होती.

वहिनी माझ्याकडे वळली. "कोण असन जी भाऊजी, असा मुर्दाड?"

"काय मालूम," मी म्हटलं.

फाईलवाल्या साहेबानं मले विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे?"

"नाई जी. मी आपला सोबतीले आलतो."

बाहेर निघाल्यावर तिनं मले चहा पाजला. मी प्यालो. पुरा प्यालो.

आरक्षण कायम झालं. वहिनी शहरात खोलीवरच राहिली. पुढं जनावरं वाढली, आणि रात्री राखणीले कोणी नाही म्हटल्यावर वावरात रोही — नीलगाई — शिरू लागले, डुकरं शिरू लागली. भाजी बंद झाली. मग तीन-चार वर्षं कपाशी, मग तीही बंद. मैदान काही झालं नाही. बाभळी वाढल्या. वैशाली शिकली, पुलगावच्या शाळेत मास्तरीण आहे. आणि वहिनी बाजारात पोतं अंथरून भाजी विकते — माझ्याच वाडीतली. मी तिले सगळ्यात आधी, निवडून माल देतो. मनात त्याले भरपाई म्हणायचो. कशाची भरपाई? तिच्या जमिनीत पिकली असती ती भाजी मी माझ्या जमिनीत पिकवून तिलेच विकत देत होतो.

यंदा आराखडा पुन्हा सुधारून राह्यले. परवा पाहणीले एक पोरगी आली, हातात नकाशाऐवजी मोबाईलसारखी मोठी पाटी. मी धुऱ्यावर होतो. तिनं मले काही विचारलंच नाही. बाभळींकडे पाहिलं आणि टिपून घेतलं — मोकळी जागा.

या खेपेला ते खरं होतं. मी बोललेलं खोटं चौदा वर्षांत वाढून खरं झालं होतं. मी गप्प राहिलो असतो तरी कोणी मले खोटं म्हटलं नसतं. हे तुले कळते का? आता सुटका आपल्या पायानं चालत दारात आली होती.

"थांब बाई," मी म्हटलं. "ते मोकळं नाई. ते म्या मोकळं केलं."

तिले काही समजलं नाही. शेवटी म्हणाली, "आजोबा, जुनं काही चुकीचं नोंदलं असेल तर कार्यालयात लेखी द्यावं लागेल."

देतो म्हटलं. पोराले लिहायले सांगितलं नाही. माझं खोटं माझ्या तोंडचं, तर कागदही माझ्याच हातचा. त्या दिवशी दुपारभर खाटेवर बसून एक पान लिहिलं. काना-मात्रा चुकल्या असतील. मजकूर नाही चुकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माल घेऊन बाजारात गेलो. भाजीची पाटी वहिनीपुढं उतरवली आणि उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. आजूबाजूच्या बायांनी ऐकलं. ऐकू दिलं. वहिनी वांगी लावत होती. हात थांबला. तिनं एकच विचारलं.

"मेंढ्या बसवायचं तुम्हीच सांगतलं होतं ना?"

"हो."

तिले काय वाटलं ते मले दिसलं. पहिल्यापासूनचा डाव. तो डाव नव्हता. मेंढ्यांचं मी तिच्या भल्यासाठीच सांगितलं होतं. पण ते तिले सांगायले मी तोंड उघडलं नाही. जो माणूस टेबलासमोर गप्प बसला, त्यानं आता इथं आपल्या बाजूनं कशाले बोलावं?

"गिऱ्हाईक उभं हाये," ती म्हणाली. "बाजूले व्हा."

मी बाजूले झालो. चालत नगरपरिषदेत गेलो, दार उघडायची वाट पाहिली. बाबूनं कागद वाचला, पुन्हा वाचला, माझ्याकडे पाहिलं. विचारलं, "कोणाच्या वतीनं देता?" म्हटलं, माझ्याच. शिक्का मारलेली एक प्रत मागून घेतली. बाजारात परत आलो, ती प्रत वहिनीच्या पोत्याच्या कोपऱ्याखाली सरकवली आणि घरी गेलो.