लाखातला तो एक

भूकंपानंतर किल्लारीजवळच्या नव्या वसाहतीत माझ्या थोरल्या बहिणीला घर मिळालं आणि बोअरचं पाणी. तपासणीत त्या पाण्यात कीटकनाशकाचा अंश निघाला, पण मर्यादेच्या खाली. नातवाला ते पाजावं का, असं तिनं मला विचारलं. मी लातुरात केमिस्ट्रीच्या क्लासचा सर! रिपोर्टवर नजर टाकून ऐटीत म्हणालो, "आक्का, पास हाय!"

"काठावर का डिस्टिंक्शन? आन् ही पासाची रेघ मारली कुणी?"

मला कुठं ठाऊक! मुकाट्यानं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या मॅडमना गाठलं. त्या म्हणाल्या, "उंदरांना मोठे डोस देऊन कर्करोग किती वाढतो ते बघतात. त्यावरून अगदी थोड्या डोसाचा अंदाज बांधतात. मग लाखभर माणसं जन्मभर रोज तेच पाणी प्याली, तरी त्यापायी फार तर एखाद्यालाच कर्करोग व्हावा, इतकी खाली रेघ मारतात."

मी बाकावर बसूनच राहिलो. आमचं अख्खं लातूर परीक्षेत लाखातला पहिला येणारा शोधत होतं, चौकात त्याचा फोटो लावायला. आणि इथं कुणीतरी लाखातल्या अशा एकासाठी गणितं मांडत होतं, ज्याचं नाव कुणालाच कधी कळणार नव्हतं.

आक्काला सगळं सांगितलं.

"म्हंजे धोका हायच की थोडा."

"हाय. लई थोडा."

तिनं पेल्यात बोअरचं पाणी ओतलं. "एका माणसासाठी एवढं मोजतेत व्हय रे?" असं म्हणत तिनं नातवाच्या तोंडाला पेला लावला.