उतारावरची किल्ली

लोहगडवाडीच्या शाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते. संध्याकाळी मळवली स्टेशनला उतरायला आबांची जीप, एवढीच सोय. वाडी मागे पडली, उतार लागला आणि आबांनी खटकन किल्ली फिरवून इंजिनच बंद केलं! गाडी आपली घरंगळतेय.

"अहो आबा, मारताय की काय आम्हाला?" मी ओरडलेच.

"बाई, चढाला डिझेल जळतंयच की. उताराला कशापायी जाळायचं? उतार काय टॅक्स मागतोय व्हय?"

टॅक्सचं नाव काढलं की आबा पेटायचे. "मानूस म्हातारा झाला की त्येचं तिकीट अर्धं हुतंय, आन गाडी म्हातारी झाली की तिचा टॅक्स वाढतोय. ह्यो कुटला न्याय?" यावर मी खिडकीबाहेर बघायचे. शाळेत दिवसभर उत्तरंच देत असले तरी.

इंजिन उगाच चालू ठेवलेलं त्यांना सोसायचंच नाही. गडावर आलेली पोरंपोरी फोटोत रमली की किल्ली बंद. कुणी एसी आहे का विचारलं, तर म्हणायचे, "खिडकी उघडा, लय गार हाय." ना शेत, ना पेन्शन, म्हातारा-म्हातारी दोघं त्या जीपवरच जगत होती.

खरं सांगते, पुढे पुढे मला त्या शांत उतारावर डुलकी लागायची. इंजिन बंद असलं की ब्रेक जड होतो, आबा सगळं अंग टाकून तो दाबायचे. हे मला रोज दिसत होतं. वाडीत माझा शब्द कुणी खाली पडू दिला नसता, आणि नेमकं तिथेच मी तोंड मिटून बसले.

यंदा जीप आरटीओत पासिंगला गेली आणि ब्रेकवर नापास झाली. मिस्त्री म्हणाला, ब्रेकची पार वाट लागलीय, चाकांपासून सगळं बदलावं लागेल. वर विमा, वर जुन्या डिझेल गाडीचा पर्यावरण कर. जीप विकूनही तेवढे पैसे उभे राहिले नसते. आबा पायरीवर बसून एवढंच म्हणाले, "डिझेल वाचवलं, त्ये समदं ब्रेकानं खाल्लं, बाई." जीप भंगारात गेली.

परवा आबा मळवलीत एका बंगल्याच्या फाटकाशी दिसले. राखणदारी करतात आता. मालकांची नवीकोरी डिझेल गाडी दारातच उभी, इंजिन चालू, मालक आत गारव्यात बसून फोनवर बोलतायत. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. शेवटी मीच म्हटलं,

"आबा, सांगा ना त्यांना, बंद करा म्हणून."

"त्येंचं डिझेल हाय, बाई," आबा म्हणाले. फाटक धरून तसेच उभे राहिले. उजव्या हाताची चिमूट मात्र फिरली, रिकामीच.