आधीच भरलेला आकडा

ऑपरेशन थिएटरच्या थोरल्या सिस्टरना पाठीमागे सगळे मोजणीबाई म्हणत. सत्तावीस वर्षं एकच व्रत: पोट उघडण्याआधी रक्त टिपायचे गॉजचे तुकडे मोजायचे, शिवण्याआधी पुन्हा मोजायचे. घरीही सवय सुटेना. नवरा पाहुण्यांना सांगे, "हिचा एक चमचा लपवून दाखवा, जेवण माझ्याकडून!"

आता ही मोजणी लिहायच्या भिंतीवरच्या फळ्याच्या जागी कॉम्प्युटर येणार होता. त्याचा प्रोग्रॅम करणारी डिझायनर हुशार, पण थिएटर तिने फोटोतच पाहिलेलं. बाईंचा वेळ वाचावा म्हणून तिने सोय केली होती. सुरुवातीला वीस भरले की शेवटच्या रकान्यात वीस आपोआप हजर. बाईंनी फक्त 'बरोबर' दाबायचं.

"हे काढ," बाई म्हणाल्या.

"अहो सिस्टर, चुकलं तर बदलता येतं की!"

"दमलेल्या माणसाला उत्तर समोर दिसलं की तो मोजत नाही गं. मीही नव्हतं मोजलं, एकदा. त्या पेशंटचं पोट दुसऱ्यांदा उघडावं लागलं."

पण पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी बाईंनी तिला निळे कपडे घालून, बुटांवर कापडी पिशव्या चढवून थिएटरात उभं केलं. चाचणीसाठी स्क्रीनही आणला.

दोन तासांनी सर्जननी टाके घालायला सुई मागितली. स्क्रीनवर वीस झळकत होते. बाईंनी मोठ्याने मोजलं. एकोणीस. पुन्हा मोजलं. एकोणीसच.

"सिस्टर, स्क्रीन वीस म्हणतोय," सर्जन वैतागले. "पेशंटला असं किती वेळ ठेवू?"

"स्क्रीनने मोजलेले नाहीत, मी मोजलेत. सुई मिळणार नाही."

पोटात पाहिलं, बादली उपसली, टेबलाखाली शोधलं. डिझायनरही शोधायला वाकली, तिने पाऊल उचललं, आणि तिच्याच बुटाखाली रक्ताने चिकटलेला विसावा तुकडा! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

"वीस," बाई म्हणाल्या आणि सुई पुढे केली.

बाहेरच्या बाकावर बसून डिझायनरने लॅपटॉप उघडला आणि शेवटचा रकाना रिकामा केला. बाईंनी चष्मा चढवून खात्री करून घेतली.

"सिस्टर, त्या पेशंटच्या वेळी... फळ्यावर तो आकडा आधीच कुणी भरून ठेवला होता?"

"मीच," बाई म्हणाल्या. "वेळ वाचावा म्हणून."