व्याह्याला आणाया

आमच्या धाराशिवातल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या नातीएवढ्या. त्यांनी माझे गुडघे दाबून बघितले आणि म्हणाल्या, "आजी, औषध कमी, चालणं जास्त. रोज सकाळी अर्धा तास. आणि मजेत चाला बरं का. काम नाही, ओझं नाही, नुसतं चालायचं."

मी म्हटलं, "नुसतं? म्हणजे जायचं कुठं?"

"कुठंच नाही," त्या हसल्या. सूनही हसली. मला काही हसू आलं नाही. कुठंच जायचं नसताना माणूस उंबरा ओलांडतो तरी कसा? हे मला निजामाच्या राज्यात नवी सून होते तेव्हा कळलं नव्हतं आणि आता केस पांढरे झाले तरी कळलेलं नाही.

माझं माहेर बार्शीकडं, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजी मुलखात. सासर मोगलाईत, येडशीच्या ठेसनापासून कोसभरावर. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. घरात आम्ही नवराबायको आणि मामा, म्हणजे माझे सासरे. मामांनी उभा जन्म मोट हाकली. बैल धावेवरून खाली न्यायचे, पुन्हा उलटे वर आणायचे, दिवसभर. माणूस उसासारखा ताठ. पण आमचं लग्न झालं आणि पारावरची माणसं ह्यांना म्हणू लागली, "काय रं, कर्ता लेक घरात आणि म्हातारा मोटंवर? लाज हाय का न्हाय?" ह्यांनी लाज धरली. बापाच्या हातातला आसूड काढून घेतला आणि ओट्यावर घोंगडी अंथरून दिली. "बसा आता. लई केलंत."

मामा बसले. मीही सून म्हणून कमी पडले नाही. पाण्याचा तांब्या हातात, ताट पुढ्यात, जोडा पायाशी. रान घराला लागूनच होतं, पण मामा तिकडं गेले की त्यांचे हात शिवशिवायचे, ते खुरपं उचलायचे, आणि बापलेकांची जुंपायची. एवढी सेवा चाललेली आणि माणूस दिवसेंदिवस खाली चाललेला. गुडघे सुजले, झोप गेली, भाकरी अर्धी परत येऊ लागली. मला काही कळेना. आमचं चुकतंय कुठं? मीठ जास्त पडतंय की कुणाची नजर लागली?

मामांना भीती होती ती एकाच गोष्टीची, खाटेची. त्यांचे वडील गोठ्याशेजारी खाटेवर वर्षानुवर्षं पडून गेले होते. मामांनी सगळं हातानं केलं होतं. ओट्यावर बसल्या बसल्या पाय चोळत ते देवाला म्हणत, "काय बी कर, पर मला खाट दावू नगंस." मी आतून ऐकायची.

शेवटी ह्यांनी गाडी जुंपली आणि त्यांना धाराशिवला हकीमसाहेबांकडं नेलं. हकीमसाहेबांनी नाडी धरली, जीभ बघितली. "बैठे तो बैठेच रै जाते, पटेल," म्हणाले. "रोज सकाळी कोसभर चाला. हातात काही धरू नका, काम काढू नका, निस्तं चाला. दवा हीच."

दुसऱ्या दिवशी मामा निघाले. पाराशी गेले नाहीत तोच हाक आली, "कुठं चाललाव?" आमच्याकडं ही रीतच. समोरून माणूस दिसला की विचारायचं कुठं, आणि त्यानं सांगायचं. न सांगणं म्हणजे भांडण काढणं. मामा भोळे. म्हणाले, "कुठं न्हाय. असंच."

झालं! मोकळ्या हातानं, बिनकामाचा, म्हातारा माणूस गाव सोडून 'असंच' निघालाय. गावानं काय समजायचं? दोघं जण उठले, मामांच्या दोन्ही दंडाला धरून त्यांना घरी घेऊन आले आणि ह्यांना उपदेश करू लागले, "बापाला दुखवू नगंस बाबा. घरोघरी मातीच्या चुली." हे बघतच राहिले. मामा सांगतायत हकीमसाहेबांनी सांगितलंय, आणि ते दोघं मान हलवतायत, की बघा, बिचारा लेकाची अब्रू झाकतोय.

आडावर माझी वेगळी गत. एकीनं कळशी ठेवून सरळ विचारलं, "काय गं, म्हाताऱ्याला भाकर घालत न्हाईस व्हय?" मला रडूच फुटलं. रडले तर म्हणाली, "आता रडून काय उपेग?" लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार!

मग मामांनी युक्ती काढली. कुणी विचारलं की काहीतरी सांगायचं. एकदा म्हणाले, "बैल बघाया." तर संध्याकाळी बैल विकणारा हेडी दारात हजर, दोन खोंडं घेऊन. एकदा म्हणाले, "केरसुण्या आणाया," आणि मग सांगितलंय म्हणून खरंच घेऊन आले. खोटं पचायचं नाही त्यांना. घरात केरसुण्यांचा ढीग झाला. ह्यांनी कपाळाला हात लावला. मी कधी हसायची, कधी चिडायची, आणि आडावर गेले की पुन्हा तेच. "आज कुठं घालवलंस गं सासऱ्याला?"

हे मामांच्या कानावर गेलं असावं. एका सकाळी ते उठलेच नाहीत. ह्यांना म्हणाले, "सूनबाईला बोल लागतोय. नगं मला ती दवा." आणि पुन्हा घोंगडीवर बसले.

थंडी पडली तसे गुडघे धरले. एक दिवस बघितलं तर मामा ओट्यावरून उठू बघतायत आणि उठता येईना. खांबाला मिठी घालून कसेबसे उभे राहिले आणि त्या खांबालाच टेकून रडले. मी चुलीपाशी पीठ मळत होते, ते तसंच राहिलं. माझ्या नावाला बट्टा नको म्हणून हा माणूस खाटेला लागणार? आणि गावाला सांगू तरी काय? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही अशी तेव्हा पद्धत. काही सांगायचं असलं तर घरातल्या खांबाला सांगायचं, सासऱ्यानं ऐकायचं. माझं पहिलं बाळंतपण आटपून मी माहेराहून येताना माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, म्हणाले होते, "सुगी झाली की आगगाडीनं येतो." कुठल्या दिवशी ते सांगितलं नव्हतं. ज्वारी घरात आली तसं मी पदर सावरून खांबाला म्हटलं, "आप्पा बार्शीच्या छोट्या गाडीनं ठेसनावर येणार हायत. दिवस काय ठावं न्हाय." सहज सांगितलं. पाहुणा येणार तर घरात माहीत असावं, एवढंच माझ्या मनात.

दुसऱ्या सकाळी मामांनी पटका बांधला. काठी घेतली. खांब सोडला, भिंत धरली, मग भिंतही सोडली. पारावरून हाक आली, "कुठं चाललाव?"

"व्याह्याला आणाया!"

पारावरची माणसं चक्क उठून उभी राहिली. व्याह्याला आणायला घरच्या वडीलधाऱ्यानंच जायचं, तो मान दुसऱ्या कुणाला देता येत नाही. "जावा जावा, गाडीचा टाईम झाला," म्हणाले.

आप्पा त्या दिवशी आले नाहीत. मामा दुपारी परतले, पाय धुळीनं भरलेले आणि तोंडभर हसू. गाडीत कुणाची शेळी कशी सुटली, नाक्यावरच्या शिपायानं कुणाची गाठोडी सोडायला लावली, एक बाई रामलिंगाच्या देवळाला निघालेली ती चुकून पुढंच कशी गेली, सगळं ह्यांना सांगून झालं. जेवायला बसले आणि भाकरी पुरली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सूज उतरली. आता आडावर बायका मला विचारू लागल्या, "तुझा बाप येतोय तरी कवा?" मला आप्पांचाच राग यायला लागला. यायचं तर या की एकदाचं!

आणि आले. मामा त्यांना घेऊन वाजतगाजत आल्यासारखे आले. दोन दिवस पुरणपोळी झाली. आप्पा निघाले तेव्हा मामांचं तोंड एवढंसं झालेलं. उंबऱ्यातून मी कानानं ऐकलं, मामा त्यांचा हात धरून म्हणत होते, "लवकर या. आन हे बगा, यायचा दिवस काय कळवू नगा बरं का."

आप्पा गोंधळले. "दिवस न्हाय कळवला तर तुमी किती हेलपाटं घालायचं?"

"घालतो की," मामा म्हणाले.

आप्पांना काही उमगलं नाही. मला तर मुळीच नाही. मामांना खरंच त्यांची ओढ होती, की ती दवा होती? की ती शेळी, ती गाडी, तो शिपाई? मी ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, "चालतायत ना? मग गप बस."

असे मामा हंगामामागून हंगाम चालत राहिले. आप्पा मधूनमधून यायचे, कधीही न कळवता. मग निजामाचं राज्य जाण्याआधीचे धामधुमीचे दिवस आले. नाका बंद, येणंजाणं बंद, गाडी कधी यायची, कधी नाही. आप्पा गेल्याचा सांगावा एका ओळखीच्या माणसानं आडवाटेनं आणला, तोवर त्यांचं तेरावंही होऊन गेलं होतं. मला शेवटचं तोंडही दिसलं नाही. मी चुलीपुढं पडून रडले. मामा दोन-चार दिवस ओट्यावर पाठ करून बसून राहिले, पारावरसुद्धा गेले नाहीत.

मग एका सकाळी बघते तर मामा पटका बांधतायत. म्हातारपणानं विसरले काय? की माझी चेष्टा चाललीय? संताप आला, रडू आलं. खांब राहिला बाजूला, मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभी राहिले. "मामा, आता कुणाला आणाया चाललाव?"

मामांनीही पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं. त्यांचे डोळे भरलेले होते. "ठावं हाय गं बाई मला," म्हणाले. "पर पारावर इचारत्यात. दुसरं काय तोंडातच येत न्हाय."

आणि गेले. मी पिठानं भरल्या हातानं दारात उभी. पारावर बसलेल्यांना माझा बाप गेलेला माहीत होता. गावात कुणाला माहीत नव्हतं? तरी हाक आलीच, "कुठं चाललाव?"

"व्याह्याला आणाया."

मग कुणीतरी म्हणालं, "जावा. गाडीचा टाईम झाला."

मला हसावं की रडावं कळेना. रोज सकाळी माझा बाप वाटेवर असायचा आणि रोज दुपारी मामा त्याच्याशिवाय परत यायचे. याचं मला दुःख व्हायचं की बरं वाटायचं, खरंच सांगता येत नाही. मामांना मात्र खाट लागली नाही. शेवटच्या दिवशीही ते ठेसनावर जाऊन आले होते, घोंगडीवर टेकले आणि गेले.

डॉक्टरीणबाईंचं ऐकून मी काठी घेतली. पहिले काही दिवस इथं शहरात कुणी विचारलंच नाही. सगळे आपापल्या घाईत. मला आपलं उगीच चोरट्यासारखं वाटायचं, आणि गुडघे जास्तच दुखायचे. मग परवा कोपऱ्यावरची भाजीवाली, परंड्याकडची असावी बोलण्यावरून, मेथीची जुडी बांधता बांधता म्हणाली, "आजी, सकाळ सकाळ कुठं चाललाव?"

मी थांबले. डोकं खाजवलं, 'असंच' म्हणायला तोंड उघडलं, आणि भलतंच बाहेर पडलं.

"ठेसनावर. माझे वडील यायचेत."

ती माझ्या पांढऱ्या केसांकडं, काठीकडं बघत राहिली. मग हातातली जुडी खाली ठेवली आणि म्हणाली, "जावा. बेतानं जावा."