खारं पाणी कुणाच्या पायानं आलं

चैत्र वद्य पंचमी, शके १८१२. पनवेल बंदर. मंडळी: मी, माझी सून यमुना, गाडीवान हसनभाई आणि दोन बैल. सामानात बिछाना, पानाचा डबा, विहीणबाईंसाठी नारळ आणि घरच्या पाण्याची कळशी.

आमची वाडी उरणकडे, खाडीला लागून. यमुना लग्न होऊन आली त्याच वर्षी विहिरीचं पाणी मचूळ (खारट) झालं. वाल शिजेनात, सुपारीची रोपं करपली. भावकीने पोरीला पांढऱ्या पायाची ठरवलं. आता ती माहेरी, कर्जतजवळच्या कोंडाण्याला निघाली होती. परत येणार नाही, हे तिने खाडीतून येताना मचव्यातच (शिडाच्या होडीत) सांगितलं. मला मात्र ती घरात हवी होती.

डावीकडे प्रबळगड सोबतीला होता. लोधिवलीजवळ बैल सोडले. हसनभाईंच्या ओंजळीत कळशीतलं पाणी ओतलं, तर त्यांनी ते थुंकून टाकलं.

"बाई, पाणी आणलंत का कालवण?"

ओढा आटलेला. वाळूत बायकांनी डवरे (पाण्यासाठी उकरलेले खड्डे) केले होते. मी तांब्या तळापर्यंत घातला. सगळं गढूळ.

"असं नाय, सासूबाई!" यमुना कितीतरी दिवसांनी हसली. "वरचं वरचं घ्या, करवंटीनं. थोडं घ्यायचं, मग थांबायचं. खाली हात घातला की नासतंय."

तिने तांब्या भरून दिला. पाणी गोड होतं. मी मात्र वाळूतच बसले. आमच्या विहिरीतही पावसाचं गोडं पाणी वर, खाडीचं खारं खाली. त्याच वर्षी धाकट्या दिरांनी विहीर खोल करून दुसरा रहाट बसवला. दिवसभर उपसा, गोडं भरून यायला उसंत नाही. मग खालचं खारं वर चढलं, आणि आळ आला पोरीवर.

"यमुने, विहीर तुझ्यामुळे बिघडली नाही. आपल्या उपशामुळे बिघडली."

तिने करवंटी धुऊन पालथी ठेवली.

खालापुरास मुक्काम करून दुसऱ्या दिवशी कर्जतवरून कोंडाण्याला पोचलो. यमुनेने केलेलं वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी विहीणबाईंनी वाढली. वाल अगदी मऊ.

"बगा, लेकीच्या हातचं! तुमच्याकडं म्हनं शिजत नाय?"

"दोष दुसऱ्या रहाटाने खारावलेल्या पाण्याचा आहे, हाताचा नाही. भावकीत सांगेन मी."

"सांगा की. पन आदी तो दुसरा रहाट थांबवा. मंग पाठवू."

यमुना माझ्यासाठी पान लावत होती. मान वर न करता म्हणाली, "रहाट थांबला की निरोप धाडा. मी येते."

परतताना गाडीत तिची जागा रिकामी होती. वाटभर मनाशी शब्द जुळवले आणि घरी येताच भावकीपुढे बोलले. दिरांनी ऐकून घेतलं. "यंदाची सुपारी उतरू दे, वहिनी," म्हणाले.

थांबवलं तरी पाणी लगेच गोड होणार नाही. पावसाळे जावे लागतील. पोरीला यायला मात्र तेवढा वेळ नको. हे लिहिते आहे तेव्हाही दोन्ही रहाट फिरत आहेत. दुसऱ्या रहाटाची गाडग्यांची माळ अजून उतरवायची आहे.